काट्यापुढचा देव

डोंगरांच्या बेचक्यात निवळखोरे नावाचं एक गाव होतं आणि त्या गावाची एक जीप होती. एका माणसाची नव्हे, साऱ्या गावाची. तालुक्याचा दवाखाना खिंडीच्या पलीकडे. पूर्वी कुणी आजारी पडलं की घोंगडीची झोळी करायची, ती बांबूला बांधायची आणि आळीपाळीने वाहत खिंड ओलांडायची. भागूबाईची लेक अशीच एकदा झोळीतून नेताना खिंडीच्या अलीकडेच गेली. मग गावाने वर्गणी काढली आणि जुनी का होईना, पण जीप घेतली. झोळीचा बांबू वाजतगाजत देवळात नेला आणि आढ्याला टांगून ठेवला. तो पुन्हा खाली काढायची वेळ येऊ नये, एवढंच मागणं गावाने देवापाशी मागितलं.

जीप चालवायला मुरारी होता. हात सफाईदार, स्वभाव भिडस्त. जीपची देखभाल करायला समिती होती आणि समितीचे अध्यक्ष होते विलासअण्णा. जीप त्यांनीच पसंत केलेली. त्यामुळे जीपला कुणी नावं ठेवली की अण्णांना ती स्वतःला ठेवल्यासारखी वाटत. शिवाय पुढची जागा त्यांची. जीप आजाऱ्यांसाठी घेतली होती खरी, पण अण्णांना आज तालुक्याला सभा असे, उद्या कुणाचा सत्कार असे, परवा काहीच नसे तरी जायचं असे. आजाऱ्यांनी सवडीने आजारी पडावं, अशी एकूण व्यवस्था होती.

होता होता जीपचा काटा बिघडला. म्हणजे लोक तसं म्हणू लागले. समोरच्या पट्टीवर इंजिनाचा ताप दाखवणारा एक काटा होता. खिंडीचा चढ लागला की तो लाल रेघेकडे धावे, मध्येच धपकन तळाला येई, पुन्हा चढे, पुन्हा पडे. अण्णांनी एकदा वैतागून काचेवर टिचकी मारली. नेमका त्याच क्षणी काटा खाली आला.

"बघा, उतरला ताप!" अण्णा म्हणाले.

झालं. तेव्हापासून पुढच्या बाकावर बसणाऱ्याने काट्याला टिचकी मारायची, अशी रीतच पडली. काटा पडला की मागचे लोक सुटकेचा निःश्वास टाकत. अण्णांच्या बोटाला गुण आहे, असंही बोललं जाऊ लागलं. बोटाला गुण! घरात पोर तापाने फणफणलं असताना ही माणसं नुसता थर्मामीटर झटकून ताप उतरवत असतील का? पण जीपच्या बाबतीत शहाणीसुरती माणसंसुद्धा हेच करत होती, आणि वर हसत होती.

मुरारीला मात्र राहवेना. त्याने आधी काट्याची तार तपासली. टोकं घासून पुसून पुन्हा घट्ट बसवली. काटा तसाच नाचत राहिला. म्हणजे दोष तारेचा नव्हता. मग त्याने सकाळी गार इंजिनाच्या पाण्याचं झाकण उघडून पाहिलं. पाणी कमी झालेलं होतं. त्याने ते काठोकाठ भरलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, पुन्हा कमी. जमिनीवर मात्र एक थेंब दिसेना. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की इंजिन तापल्यावरच पाणी कुठूनतरी झिरपतंय आणि वाफ होऊन उडून जातंय. काट्याची तार जिथे जोडली होती तिथलं पाणी सरकलं की काटा खाली पडत होता. ज्याला लोक उतरलेला ताप समजत होते, तोच सगळ्यांत वाईट क्षण होता.

तो अण्णांकडे गेला. "अण्णा, काटा खोटं बोलत न्हाई. पानी गळतंय. गाडी दोन-चार दिस गॅरेजला लावाया पायजे."

"आन् परवाचा सत्कार? मी काय चालत जाऊ?" अण्णा म्हणाले. "अरे, एवढी गाडी धडधडीत चालतीया आन् तू त्या बोटभर काट्याचं काय घेऊन बसलास?"

मुरारी परत फिरला. पण गाडीतली माणसं आता चुळबुळ करू लागली होती. काटा उसळला की बाया पदर तोंडाला लावत. चढावर एक म्हातारा तर खाली उतरून चालू लागला. हे अण्णांना लागलं. आपण पसंत केलेल्या गाडीतून माणूस उतरून चालतो म्हणजे काय! त्यांनी तालुक्याहून गणपतीची एक सुबक मूर्ती आणली आणि मुरारीच्या हातात दिली.

"ही बरोबर काट्याच्या म्होरं चिकटव."

मुरारीने मूर्तीकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं. आणि चिकटवली.

मला अण्णांचा राग येतोच. पण त्या क्षणी मला जास्त संताप येतो तो मुरारीचा. अण्णांना काही कळत नव्हतं, आणि कळून घ्यायचंही नव्हतं. याला सगळं कळत होतं. एकदा 'नाही' म्हणाला असता तर फार तर अण्णा ओरडले असते. त्याने ओरडा चुकवला आणि देवाला पहाऱ्याला उभं केलं. देवाला तरी काय वाटलं असेल? लोक त्याला हात जोडत होते आणि तो बिचारा काटा झाकत होता. आता मूर्ती हलवून मागे डोकावायची कुणाची छाती होणार? गाडीत शांतता झाली. अण्णा खूश झाले.

मुरारी रोज सकाळी पाणी भरी आणि मनाशी म्हणे, चाललंय तोवर चालू दे.

एका दुपारी अण्णा सत्कार उरकून जीपने परत आले. गळ्यातला हार अजून तसाच होता. जीप वेशीत शिरते न शिरते तोच भागूबाई धावत आली. तिची सून हौसा बाळंतपणात अडली होती. वेळ अजिबात नव्हता.

"मुरारी, फिरव गाडी!" अण्णा पुढच्या बाकावरूनच म्हणाले. तेही बसून राहिले. अशा वेळी अध्यक्षाने सोबत असलं पाहिजे, असं त्यांचं मत होतं.

गाडी तापलेली होती. तापलेलं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर उडतं, म्हणून पाणी भरता येईना. ती थोडी निवू द्यायला हवी होती. मुरारीच्या ओठांवर ते आलं. पण सांगायचं तर मागचं सगळंच सांगावं लागलं असतं. पाणी रोज गळतंय हे, आणि आपण ते रोज गुपचूप भरतोय हेही. त्याने हौसाला मागे घेतलं आणि गाडी फिरवली.

मागच्या बाकावर सासूच्या मांडीवर डोकं ठेवून हौसा कण्हत होती. बरोबर शेजारचे दोघं-तिघं गडी होते. चढ लागला. खालून ऊन वाफारा आला.

"आत्याबाई, जळाल्याचा वास येतोय," हौसा म्हणाली.

"मुरारी, बघ रं जरा," भागूबाई म्हणाली.

"काही न्हाई," अण्णांनी परस्पर उत्तर दिलं. "देव बसलाय म्होरं."

खिंडीच्या अलीकडच्या वळणावर इंजिनाने एकदा कर्कश आवाज केला आणि जीप जागच्या जागी थांबली. पुढून पांढरा धूर निघाला. मुरारीने किल्ली फिरवून पाहिली. आतलं काही हललंच नाही.

अण्णांनी घाईघाईने मूर्ती उपटून काढली आणि तिच्यामागचा काटा पाहिला. "काटा तर तळाला हाय! मग गाडी तापली कशी?"

"पानी संपलं, अण्णा," मुरारी म्हणाला. "पान्यात असतोय तवर त्यो ताप सांगतोय. कोरडा पडल्यावर काय सांगंल?"

"तुला हे ठावं हुतं?" भागूबाईने विचारलं.

"व्हय," मुरारी म्हणाला.

भागूबाईने ती जागा ओळखली होती. लेकीची झोळी तिथूनच थोडी पुढे थांबली होती. पण ती रडत बसली नाही. तिने जीपवरची ताडपत्री सोडायला लावली, गड्यांकडून एक फांदी तोडून घेतली आणि झोळी बांधली. मग अण्णांच्या हातातून गणपती काढून पदरात घेतला.

"देवाला मी घेतलं," ती म्हणाली. "तुमी माझी सून घ्या."

अण्णांनी हार काढून ठेवला आणि फांदीचं टोक उचललं. दुसऱ्या टोकाला मुरारी होता. खिंड ओलांडून दवाखाना येईतो संध्याकाळ झाली.

हौसा वाचली. मूल वाचलं नाही.

पुढे देवळात गावाची सभा भरली. जीपचं इंजिन पार बसलं होतं. मिस्त्रींनी हात टेकले होते. अण्णा उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "जे झालं ते वाईट झालं. पर देवाच्या मनात हुतं, त्याला कोन काय करनार?"

काही माना हलल्याही. मान हलवणाऱ्यांची मला लाज वाटते. पण भागूबाई उठली आणि पदरातली मूर्ती तिने अण्णांसमोर ठेवली.

"देवाला म्होरं करू नका, अण्णा. एकदा केलंसा तेवढं पुरं."

अण्णा खाली बसले. पुन्हा त्यांना कुणी अध्यक्ष म्हटलं नाही. मुरारी न सांगता उठला, देवळातली शिडी लावली आणि आढ्याचा बांबू सोडून खाली आणला. त्याच्यावर धूळ बसली होती. ती त्याने आपल्या मुंडाशाने पुसली आणि बांबू दाराशी, सगळ्यांच्या हाताला येईल असा उभा करून ठेवला. निवळखोऱ्यात कुणी आजारी पडलं की आता पहिला खांदा मुरारीचा असतो. त्याने हौसाचं मूल परत येत नाही.

तात्पर्य: धोक्याची खूण झाकणारा आणि सगळं कळत असूनही ती झाकू देणारा, दोघे सारखेच दोषी असतात, त्यांच्या दोषाची शिक्षा मात्र मागे विश्वासाने बसलेल्याला भोगावी लागते.