पायरीवरचा हनोख

“पण नेमकं कोणत्या दिवशी, बाई? महिना, वार… काहीतरी आठवत असेलच ना?”

दुर्कसबाई तांदूळ निवडत होत्या. सूप मांडीवर होतं. त्यांनी वर पाहिलं नाही.

“कशाचा दिवस म्हणता, पाळकसाहेब?”

“तारणाचा. आपल्या पापांची क्षमा झाली, अशी मनाला खात्री पटली, तो दिवस.”

“असा एक दिवस…” बाईंनी एक खडा वेचला आणि अंगणात टाकला. “नाही हो सांगता यायचं.”

शलमोन अमोलिक शेलूखेडच्या मेथडिस्ट चर्चमध्ये पाळक म्हणून येऊन तीन महिने झाले होते. वय सव्वीस. धर्मशिक्षणाच्या परीक्षेत पहिला नंबर. मंडळीला यंदा साठ वर्षं पूर्ण होत होती. वरून पत्र आलं होतं, की छोटासा इतिहास लिहून पाठवा.

त्यांनी नवी वही आणली. रेघा मारल्या. नाव, बाप्तिस्म्याची तारीख, तारणाची तारीख.

रविवारी व्यासपीठावरून ते म्हणाले होते, “आपलं तारण झालं हे माणसाला आतून कळतं. हा आपल्या मंडळीचा विश्वास आहे. ज्याला कळलेलं नाही, त्यानं कळेपर्यंत प्रभुभोजनाचा पाव आणि प्याला घ्यायला पुढे येऊ नये.”

मग ते घरोघर फिरले. लोकांनी तारखा दिल्या. दोघांनी घाबरून आपल्या लग्नाचीच तारीख सांगितली.

दुर्कसबाई मात्र अडल्या.

त्या पासष्टीच्या होत्या. चाळीस वर्षं त्यांनी मिशनची बायबलबाई म्हणून काम केलं होतं. पिशवीत पुस्तक आणि शिदोरी घालून आसपासची गावं पायी तुडवली होती. निम्म्या मंडळीला प्रार्थना करायला त्यांनीच शिकवलं होतं. अजूनही दर मंगळवारी त्यांच्या खोलीत आठ-दहा माणसं जमायची. बाई एकेकाला विचारायच्या, “तुझा जीव कसा आहे?” ज्याला बोलायचं तो बोलायचा. बाकीचे ऐकायचे.

त्यांच्या नावापुढचा रकाना रिकामा राहिला.

पाळकांनी पेनाला टोपण लावलं.

“तुमचा कोणता दिवस, साहेब?” बाईंनी विचारलं.

“अठ्ठावीस मार्च. संध्याकाळची उपासना. दुसरं गीत चालू होतं.”

उत्तर झटकन आलं. कुठेही न अडता.

बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं.

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

गुरुवारी दुपारी पाळक पुन्हा त्यांच्या दारात आले. आले ते उभेच राहिले.

“हनोख बोर्डेनं बोलावलं होतं मला.”

हनोखला सगळं गाव ओळखायचं. जिनिंगच्या कारखान्यात कापसाचे गठ्ठे उचलायचा. दारू प्यायचा. पिऊन बायकोला मारायचा. एकदा त्यानं तिला माहेरी हाकललं, ती तिकडेच वारली. मंडळीनं त्याचं नाव काढून टाकलं, त्याला पंधरा वर्षं झाली होती. गेली दोन वर्षं त्यानं दारूला हात लावला नव्हता. दर रविवारी तो चर्चला यायचा, पण आत शिरायचा नाही. दाराबाहेरच्या पायरीवर बसून उपासना ऐकायचा आणि शेवटच्या आशीर्वादाआधी उठून जायचा.

आता त्याची छाती कापसाच्या बारीक तंतूंनी भरली होती. महिनाभर तो खाटेवर होता.

“कसा आहे?”

“वाईट आहे. प्रभुभोजन द्या म्हणाला.”

“मग?”

“मी त्याला विचारलं, पश्चात्ताप झालाय का. म्हणाला, झालाय. मग विचारलं, क्षमा झाली असं आतून वाटतं का.”

“काय म्हणाला?”



“म्हणाला, ‘ते मला कसं कळणार, साहेब? मला माझ्या बायकोचं रडणंसुद्धा कधी कळलं नाही.’”

बाईंनी हातातलं शिवण खाली ठेवलं.

“मग?”

“मी म्हणालो, प्रार्थना करत राहा. रविवारी परत येतो.”

“रविवारपर्यंत आहे का तो?”

“बाई, मी काही निर्दय नाही. पण विचारल्याशिवाय द्यायचं, तर मग…”

बाई उठल्या होत्या. पदर खोचून त्यांनी वहाणा पायात सरकवल्या.

“पाव घ्या. प्याला घ्या. चला.”

“पण नियम…”

“नियम वाटेत सांगा.”

हनोखचं खोपट ओढा ओलांडून, जिनिंगच्या पलीकडे होतं. पाळकांच्या अंगावर पांढरा झगा आणि हातात पाव-प्याल्याची लाकडी पेटी होती. बाई पुढे चालत होत्या. पाळकांनी नियम सांगितला नाही. बाईच बोलल्या.

“इतिहास लिहायचाय ना तुम्हाला?”

“हो.”

“ती पत्र्याची शेड दिसते? जिनिंगची जुनी. मोठ्या दुष्काळात मी तिथं आले. कुणी आणून सोडलं, ठाऊक नाही. आई वाटेत गेली, एवढं आठवतं. पाचेक वर्षांची असेन.”

“म्हणजे अनाथाश्रम तिथं सुरू झाला?”

“आश्रम कसला… चाळीस पोरं आणि एक चूल. मिशनच्या गोऱ्या मिसबाई नव्या आलेल्या. त्यांना मराठी येत नव्हतं. मला माझं नाव सांगता येत नव्हतं. जात विचारली असती, तर तीही सांगता आली नसती. कुणी कुणाला काही विचारलं नाही. पेजेचा वाडगा पुढे आला. मी प्याले.”

“आणि चर्चची इमारत?”

“दगडी चर्च बारा वर्षांनी झालं. तोवर त्या शेडमध्येच. संध्याकाळी दौलतराव मास्तर एकतारी घेऊन बसायचे. ते भजन म्हणायचे, आम्ही मागून म्हणायचो. पाळक नव्हते. मास्तर दिवसा शाळा घ्यायचे, रविवारी उपदेश करायचे. कधी न्हावीदादा उपदेश करायचा. ज्याच्या तोंडी शब्द आला, तो बोलायचा.”

वाट अरुंद झाली. पाळक मागे पडले, मग भरभर चालून जवळ आले.

“पण बाई, विश्वास? तो कधी आला?”

“काय सांगू? पोटात पेज गेली की पोरं झोपायची. मीही झोपायचे. झोप नेमकी कोणत्या क्षणी लागली, हे कुणाला सांगता येतं का?”

पाळकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. माणसानं हाक मारण्याआधीच देवाची कृपा त्याच्याकडे निघालेली असते, या विषयावर त्यांनी परीक्षेत चाळीस पानं लिहिली होती. त्या पानांचं कौतुक झालं होतं.

“यालाच आमच्या पुस्तकात…”

“काय म्हणतात?”

“काही नाही,” पाळक म्हणाले.

हनोख भिंतीकडे तोंड करून पडला होता. शेजारणीनं उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला होता. पावलं ऐकून त्यानं मान वळवली.

“साहेब? रविवार झाला?”

पाळकांनी पेटी खाली ठेवली.

“नाही… रविवार नाही झाला. तरी आलो.”

त्यांनी पत्र्याचा डबा पालथा घातला, त्यावर पांढरं कापड अंथरलं. पाव ठेवला. बाटलीतून प्याल्यात लालसर पाणी ओतलं.

हनोख घाबरला. कोपरावर रेलून उठू लागला.

“साहेब, दारू नाही ना त्यात? मी शपथ घेतली आहे. मरताना मोडायला लावू नका.”

“मनुकांचं पाणी आहे,” पाळक म्हणाले. “मनुका उकळून केलेलं. आपल्या मंडळीत असंच करतात. कुणाची शपथ मोडू नये म्हणून.”

“आपल्या मंडळीत,” हनोख हळूच म्हणाला आणि पुन्हा आडवा झाला.

पाळक प्रार्थना म्हणू लागले. ती त्यांना तोंडपाठ होती. शंभरदा म्हटली असेल. तरी मध्येच शब्द हरवले. त्यांनी डोळे मिटले, आठवून पाहिलं… आठवेनात.

दुर्कसबाईंनी शब्द पुरवला नाही. त्या नुसत्या थांबल्या.

बाहेर एक कोंबडी दाणे टिपत होती, तिचाच काय तो आवाज.

शेवटी पाळक आपल्याच शब्दांत बोलले. “बापा, हा भुकेला आहे.” एवढंच. मग त्यांनी पाव मोडला आणि त्यातला तुकडा हनोखच्या तळहातावर ठेवला.

हनोखनं तो खाल्ला नाही. बघत राहिला.

“साहेब, तुम्ही?”

“काय?”

“तुम्ही नाही घेतलं. आधी पाळक घेतात. पायरीवरून मला दिसायचं सगळं.”

खरंच होतं. आधी देणाऱ्यानं घ्यायचं, मग इतरांना द्यायचं. पाळक विसरले होते.

“तू घे रे. मी… मी नंतर घेईन.”

हनोखनं मान हलवली. त्यानं तुकड्याचे दोन तुकडे केले. एवढ्या कामानंही त्याला धाप लागली. मग त्यानं एक तुकडा पुढे धरला.

“घ्या, साहेब. एकट्याला घास जात नाही.”

हात वरपर्यंत येत नव्हता.

पाळक जमिनीवर गुडघे टेकून बसले. सारवलेल्या जमिनीची माती पांढऱ्या झग्याला लागली. त्यांनी ओंजळ केली. हनोखनं तुकडा त्या ओंजळीत ठेवला.

त्यांनी तो तोंडात घातला. चावता येईना. खांदे हलू लागले.

बाईंनी हनोखच्या हातातला दुसरा तुकडा प्याल्यात बुडवून मऊ केला आणि त्याच्या ओठांना लावला. मग पावाचा एक तुकडा स्वतः घेतला. मग प्याला तिघांत फिरला.



“गोड आहे,” हनोख म्हणाला. आणि डोळे मिटून पडून राहिला.

शनिवारी सकाळी तो गेला. मंडळीच्या कबरस्तानात, त्याच्या आईशेजारी त्याला माती दिली. पाळकांनी स्वतः शवपेटीला खांदा दिला. दुसऱ्या दिवशी उपासनेला त्यांनी वही उघडली नाही. नुसतं म्हणाले, “ज्याला भूक आहे, त्यानं पुढे यावं.” सगळे आले. लग्नाची तारीख सांगणारे दोघं सर्वांत आधी आले.

पण हे सगळं पुढचं. त्या गुरुवारी दोघं खोपटातून निघाले, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

जिनिंगची भिंत मागे पडली, तेव्हा पाळकांनी हाक मारली.

“बाई.”

“हं.”

“ती अठ्ठावीस मार्च खोटी आहे.”

बाई चालत राहिल्या.

“कॉलेजात घेण्याआधी मुलाखतीत विचारलं होतं. प्रत्येकानं काहीतरी सांगितलं. कुणी रडलंसुद्धा. मला सांगण्यासारखं काही नव्हतं. वडील बाहेर बाकावर बसले होते, उपास धरून. मी एक तारीख सांगितली. मग सगळीकडे तीच सांगत आलो… मला कधी काही वाटलंच नाही, बाई. शिकलो, पाठ केलं, लोकांना समजावलं. आत कोरडं ते कोरडंच.”

“मला कळलं होतं.”

“कधी?”

“तुम्ही अडखळला नाहीत तेव्हा.”

पाळक वाटेतच थांबले. बाईही थांबल्या.

“मग तेव्हाच बोलला का नाहीत?”

“बोलून काय केलं असतं? तुम्ही दुसरी तारीख शोधली असती.”

पाळकांना हसू आलं, आणि हसता हसताच डोळे भरून आले. त्यांनी झग्याच्या बाहीनं ते पुसले.

“आज… त्याच्या हातून घेताना…” त्यांनी छातीवर हात ठेवला. “काय झालं, मला सांगता येत नाही. इथं ऊब आल्यासारखं झालं. अजून आहे.”

बाई ऐकत होत्या.

“पण टिकेल का हे? उद्या सकाळी उठलो आणि आत पुन्हा कोरडंच असलं, तर? परवा असलं, तर? मग मी काय करायचं?”

वाट ओढ्याकडे वळत होती. पायाखालची माती भुसभुशीत झाली होती.

दुर्कसबाईंनी आपला हात त्यांच्यापुढे केला.

“धरा. पुढे उतार आहे.”