ओकारीचा डोह

निंभेळ गावाच्या खालच्या अंगाला पांगळी नदी एका काळ्या कातळाला वळसा घालते, तिथे हा डोह आहे. काठावर उभं राहून मूठभर चुरमुरे टाकले, तर हातभर लांबीचे खडस मासे वर येतात. ते इतके धीट आहेत, की पाण्यात पाय सोडला तर टाचा चाटतात. पाहुणे खूश होतात. मग त्यांच्यातला एखादा हमखास विचारतो, "हे धरत नाही का कुणी? तळून काय झकास लागतील!" असं कुणी विचारलं, की देवळातले धोंडजी गुरव त्याला कातळावर बसवतात आणि ठकू भोईणीची गोष्ट सांगतात. ती ऐकून उठल्यावर आजवर कुणी तो प्रश्न पुन्हा विचारलेला नाही.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. तेव्हा या डोहाला नावच नव्हतं. काठावर भोयांची नऊ घरं होती आणि त्यांतल्या चांगू भोयाची बायको ठकू. ठकूच्या हाताला गेळ कुटायची कला होती. गेळाचं फळ माणसाच्या पोटात गेलं तर आतडी पिळवटून ओकारी होते. वैद्य ते त्यासाठीच देतात. तेच कुटून साचल्या पाण्यात कालवलं, की मासा गुदमरून वर येतो. कुठल्या डबक्याला किती ओंजळी, हे ठकू पाणी नुसतं बघून सांगे. तिला त्याचा अभिमान होता, आणि नसावा असं काही नव्हतं.

पण डोहाला कुणी गेळ लावत नसे. ठकूची सासू सांगायची, "डोह म्हंजे माशांचं म्हायेर. वैशाखात नदी तुटती, डबकी आटत्यात, तवा समद्या गाभण्या हितं येत्यात. पाणी आलं, की वर चढून पिल्लं टाकत्यात. म्हायेरवाशिणीला कुणी हात लावतं व्हय?"

त्या वर्षी बहिर्जी पाटलाच्या लेकीचं लग्न वैशाखात निघालं. वऱ्हाड घाटाखालचं, मासे खाणारं. पाटलाने भर मांडवात शब्द दिला, की पाठवणीच्या दिवशी पाचशे पानांना मासा वाढीन. दुसऱ्या दिवशी तो भोयांच्या दारात आला.

"ठके, गेळ कूट. डोहाला लावायचंय."

"पाटील, डोहाला न्हाई लावत कुणी."

"तुला जमत नसंल तर तसं सांग. दुसरीकडनं माणूस आणतो."

हेच तिला लागलं. जमत नाही, असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. सासूने चुलीपुढून मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि ती पुन्हा भाकरीकडे वळली. ठकूने त्या दिवशी आणि पुढच्या दिवशी मिळून अकरा पाट्या गेळ कुटलं.

पाठवणीच्या दिवशी सकाळी ते डोहात कालवलं. पाण्यावर साबणासारखा फेस धरला. थोड्या वेळाने मासे वर आले. आधी लहान, मग मोठे. मरळ, शिंगटे, वांबी, आणि पोरासारखे कडेवर घ्यावेत एवढे खडस. सगळ्यांची तोंडं उघडी, कल्ले लालभडक. हजार तोंडं एकदम उघडत-मिटत होती, त्याचा चपचप आवाज काठापर्यंत येत होता. माणसांनी चाळीस पाट्या भरल्या, पाचशे पानांना तेवढे पुष्कळ होते. बाकीचे तसेच पाण्यावर राहिले.

ठकू कातळावर मासे चिरायला बसली. पहिलं पोट फाडलं, गाभोळी निघाली, अंड्यांनी गच्च भरलेली. दुसरं फाडलं, गाभोळी. एकही पोट रिकामं नव्हतं. गाभोळी खाणार तरी किती? ती बाजूला टाकू लागली. दुपारपर्यंत तिच्या मांडीएवढा पिवळा, थलथलीत ढीग झाला. उन्हाने तो पाझरू लागला, त्यावर माश्यांचं मोहोळ बसलं, आणि ते चिकट पाणी वाहत येऊन तिच्या पदराखाली साचलं. आपण किती नद्या भरतील एवढे जीव मारले, असं तिच्या मनात आलं म्हणे. तिने विळी ठेवली आणि तिथेच भडाभडा ओकली. ती तिची पहिली ओकारी.

वऱ्हाड जेवलं. स्वयंपाकाला आणि प्यायला पाणी डोहाचंच, कारण गावात दुसरं पाणी नव्हतं. दिवस कलायच्या आत मांडव ओकू लागला. व्याही ओकले, भटजी ओकले, नवरी डोलीत चढता चढता शालूवर ओकली. डोली गावाबाहेर गेली तरी तिच्यामागे आंबट वास रेंगाळत राहिला. सासरी त्या पोरीला जन्मभर त्यावरून ऐकून घ्यावं लागलं.

तिसऱ्या दिवशी डोहातले उरलेले मासे फुगून फुटायला लागले. पाणी आधी हिरवं झालं, मग काळं, आणि त्यावर दुधावरच्या सायीसारखी पापडी धरली. कुत्री काठापर्यंत येऊन परत फिरली. गुरांनी तोंड लावलं नाही. वास गावात शिरला तो भाकरीत, केसांत, तान्ह्या पोरांच्या टाळूत जाऊन बसला. ठकूने हात राखेने घासले, चिंचेने घासले, कातडी सोलवटेपर्यंत घासले. घास तोंडाशी नेला, की बोटांना गाभोळीचा वास यायचा.

पावसाळ्यात पूर आला आणि वरची घाण वाहून गेली. लोक म्हणाले, सुटलो. पण तळाचा गाळ खोलगट कातळात तसाच राहिला. त्या साली एकही मासा नदी चढला नाही. चढायला उरलाच नव्हता. पूर ओसरल्यावर डोहात डासांची पिल्लं इतकी झाली, की घागर बुडवली तर पाण्याऐवजी वळवळच भरायची. त्यांना खाणारं कुणी नव्हतं. घरोघर हिवताप आला. ठकूची सासू त्यातच गेली. जाताना तिने सुनेच्या हातचं पाणी घेतलं नाही. तोंड भिंतीकडे केलं.

सासूचे दिवस झाल्यावर ठकू डोहावर आली आणि कातळावर हात ठेवून बोलली, "रोज ह्या पाण्याची एक ओंजळ पिईन. ज्या दिशी ती पोटात ऱ्हाईल, त्या दिशी सुटले. तवर ह्या गावात माशाची चूल पेटायची न्हाई."

तेव्हापासून ती रोज सकाळी भाकरी खाऊन डोहात उतरायची, ओंजळ प्यायची आणि ओकायची. मग पाटी घेऊन तळाचा गाळ उपसायची. गाळ म्हणजे काळा लगदा, त्यात माशांची हाडं आणि खवले. चांगूने चार दिवस पाहिलं, पाचव्या दिवशी तोही उतरला. लोक नाकाला फडकं लावून लांबून जायचे.

एकदा बहिर्जी पाटील घोडीवरून आला. नाकावर शेला धरून म्हणाला, "ठके, पुरं कर हा तमाशा. पावणे विचारत्यात, तुमच्या गावात बाया ओकायला नदीवर जात्यात का म्हणून."

ठकू कमरेएवढ्या पाण्यात होती. तिने ओंजळ भरून वर धरली.

"म्या एकटीच पिते हे खरं, पाटील. कुटलं म्या, पर शब्द तुमचा व्हता. घ्या."

काठावर माणसं जमली होती. पाटील खाली उतरला. शेला बाजूला करून त्याने तिच्या ओंजळीला तोंड लावलं आणि पुढच्या क्षणी गुडघ्यांवर पडून तो आतडी बाहेर येतील असा ओकला. कुणी हसलं नाही. तो बराच वेळ तसाच चिखलात हात टेकून होता. दुसऱ्या दिवशी तो पाटी घेऊन आला, आणि त्याच्यामागे गाव.

गाळ निघाला तरी मासे कुठून यायचे? ठकू आणि चांगू दोन दिवसांच्या वाटेवर, संगमावर गेले आणि खडसाची पिल्लं घेऊन निघाले. पहिल्या खेपेला घागर काठोकाठ भरली, तोंड बांधलं, सगळी मेली. दुसऱ्या खेपेला पसरट मडकी अर्धीच भरली, वर ओलं फडकं टाकलं, वाटेत ओढ्याओढ्याला पाणी बदललं. चाळीसातली सहा जगली. ती डोहात सोडली, पण गाळ उपसताना डासांची पिल्लंही निघाली होती, निवळलेल्या पाण्यात त्यांना खायला काही नव्हतं.

पुढे धोंडजी गुरव सांगतात असं, की दुसऱ्या सकाळी ठकू ओंजळ प्याली आणि नेहमीसारखी ओकली. भाकरीचे तुकडे पाण्यावर तरंगले, आणि ती सहा पिल्लं कपारीतून निघून त्यांवर तुटून पडली. ठकूला आधी किळस आली. मग ती मुद्दाम पोटभर जेवून येऊ लागली. स्वतःच्या पोटात काही राहत नव्हतं, अंगावर हाडं उरली, पण डोहातली पिल्लं बोटाएवढी झाली, वीतभर झाली. चौथ्या वर्षी वैशाखात ती ओंजळ प्याली आणि उभी राहिली. काही झालं नाही. तिने पोटावर हात ठेवून वाट पाहिली. चांगूने विचारलं, "काय गं?" ती म्हणाली, "ऱ्हायलं." मग ती घरी जाऊन दोन दिवस झोपली म्हणे.

या डोहातले मासे त्या सहांचे वंशज. एका बाईने पोटातून काढून वाढलेलं खाऊन ते जगले, ते कोण खाणार?

आजही वैशाखी अमावास्येला पाटलाच्या घरचा वडील माणूस डोहात उतरून एक ओंजळ पितो. गाव काठावर उभं असतं. पाणी पोटात राहिलं, की तो मान हलवतो, आणि त्यानंतरच भोई खालच्या नदीत जाळी टाकतात. तीन वर्षांपूर्वी सत्तरीचे दाजीबा पाटील ओंजळ प्याले आणि कातळ धरून ओकले. माणसं नदीच्या काठाने वर चालत गेली. दीड कोसावर, झटपट मासे मिळावेत म्हणून कुणीतरी पाण्यात पांढरी पावडर ओतली होती, रिकामी पोती तिथेच पडली होती. त्या वर्षी निंभेळात एकाही चुलीवर मासा चढला नाही. आणि दाजीबा पुढच्या वैशाखापर्यंत रोज सकाळी, काठी टेकत, ओंजळ प्यायला येत राहिले.