कौलारू गावाची जकात

डोंगराच्या कुशीत, माणसं कमी आणि मेंढ्या जास्त असं एक गाव होतं. तिथे घोंगड्या विणणारी एक बाई राहत होती. शहराच्या वेशीवर सगळ्यांना जकात पडे. दहा घोंगड्यांतली एक नाक्यावर ठेवावी लागे. या गावाला मात्र माफी होती, कारण गाव गरीब. त्यामुळे बाईची घोंगडी बाजारात सगळ्यांत स्वस्त असे आणि हातोहात खपे. आपल्या विणीला तोड नाही, असं ती बापडी समजून होती.

एके दिवशी नाकेदाराने तिला अडवलं. "अभिनंदन, मावशी. तुमच्या गावातल्या घरांवर कौलं आली. राजेसाहेब खूश आहेत. आता तुम्ही गरीब नाही. एक घोंगडी इथे ठेवा."

"हे बक्षीस की शिक्षा?"

"ते मलाही नीट सांगितलेलं नाही," नाकेदार म्हणाला.

बाई पार गोंधळून गेली. भाव वाढवला तर घोंगड्या पडून राहत. नाही वाढवला तर पदरात काही पडेना. आता चूल कशी पेटायची, या काळजीने तिचा जीव अर्धा झाला.

गाव जमलं. पाटील म्हणाले, "सोपं आहे. कौलं उतरवू, गवत घालू. पाहणीला माणूस आला की पुन्हा गरीब ठरू."

सगळ्यांना पटलं. बाईही शिडी लावून चढली. पहिलं कौल हातात आलं आणि तिला काही उमगेना. ज्या कौलांसाठी इतकी वर्षं घोंगड्या विकल्या, ती आता घोंगड्या विकण्यासाठी काढायची? ती तशीच खाली उतरली. पुढे काय करायचं, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

बाजारात तिने एका जुन्या गिऱ्हाइकाला सरळच विचारलं, "ताई, माझी घोंगडी तुम्ही का घेत होतात?"

"स्वस्त होती म्हणून. मानेला फार टोचते हो."

बाईला रडूच आलं. आजवर कुणी बोललं नव्हतं, आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं. घरी येऊन तिने कोकरांची मऊ लोकर वेगळी काढली आणि मानेकडची कड त्या लोकरीने विणली. जमेना, उसवली, पुन्हा विणली. घोंगड्या थोड्याच झाल्या आणि महाग पडल्या.

मधल्या काळात पाहणीचा माणूस येऊन गेला. अंगणाअंगणात रचलेली कौलं बघून तो हसला. "कौलं तर आहेतच की," म्हणाला आणि चालता झाला. गाव गळक्या गवताखाली बसलं.

बाजारात एका अनोळखी माणसाने बाईची घोंगडी मानेला लावून पाहिली. भाव ऐकून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण घोंगडी काही त्याने खाली ठेवली नाही.

"कुठल्या गावची ही?" त्याने विचारलं.

हे तिला आजवर कुणा गिऱ्हाइकाने विचारलं नव्हतं. आपल्याच गावाचं नाव सांगताना बाईची जीभ अडखळली.

तात्पर्य एवढंच: माल सवलतीवर खपत असतो तेव्हाच तो का खपतो हे विचारून घ्यावं, कारण सवलत देणं दुसऱ्याच्या हातात असतं, माल सुधारणं आपल्या.