अण्णासाहेबांच्या चपला

कुमुदताई लोहारांनी देवी रंगवली ती महिषासुराला मारून दमलेली, भिंतीला टेकून बसलेली, टाचांना भेगा पडलेली. पेपरात फोटो आला आणि सांगलीभर बोभाटा झाला. प्रदर्शन लागलं खरं, पण भीतीनं आठ दिवस हॉलकडे कोणी फिरकलं नाही. बाई एकट्याच डबा खायच्या आणि एकट्याच दिवे मालवून घरी जायच्या.

नवव्या दिवशी संस्कृती समितीचे अध्यक्ष अण्णासाहेब इंगवले चार माणसं घेऊन आले. त्यांच्या कोल्हापुरी चपलांची करकर जिन्यापासून ऐकू येत होती.

"ही देवीची विटंबना आहे. चित्र उतरवा, नाहीतर आम्ही उतरवतो."

"आधी जवळून बघा तरी. तुम्ही नुसता फोटो पाहिलाय."

अण्णासाहेब पुढे गेले. त्या टाचांकडे बराच वेळ बघत राहिले. मग वळून म्हणाले, "बघितलं. ही देवी नव्हेच. कोणी मोलकरीण आहे."

"असेल," कुमुदताई म्हणाल्या. "या हॉलमध्ये कोणी चपला काढत नाही. तुम्हीही घालूनच आलात. मग जवळ जाताना काढल्यात त्या कोणासाठी?"

सगळ्यांनी खाली पाहिलं. अण्णासाहेब अनवाणी होते. चपला चार पावलं मागे नीट जोडीनं ठेवलेल्या होत्या.

त्यांनी त्या पायात सरकवल्या आणि माणसांना घेऊन ते निघून गेले. करकर जिना उतरत गेली.

कुमुदताई पुन्हा खुर्चीत बसल्या. नऊ दिवसांत चित्र डोळे भरून बघणारा तो पहिलाच माणूस. एवढं बिनतोड उत्तर सुचलं, पण चहा घेऊन जा म्हणायचं तेवढं राहून गेलं.