गप्प झालेलं रान

“आणि डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे?” हेडमास्तरांनी विचारलं.

लहानूबाबा दगडावर हिरडे फोडत होते. हात थांबले नाहीत.

“झोप आली तर मिटा.”

तुपे हेडमास्तर तालुक्याच्या शाळेतून मुद्दाम रजा टाकून डोंगरावरच्या या ठाकरवाडीत आले होते. लहानूबाबा कोणी साधू नव्हते. हिरडा, मध आणि रानातले कंद, यांवर त्यांनी सगळं आयुष्य काढलं होतं. पण त्यांच्यासोबत चार दिवस रानात बसलेला माणूस निवळून घरी जातो, असं खालच्या गावांत सगळे सांगत.

“मी चेष्टेनं विचारत नाही, बाबा. दहा वर्षं ध्यान करतोय. रोज पहाटे पाच ते सहा. त्या तासाला घरात भांडंसुद्धा वाजत नाही. तसं सांगूनच ठेवलंय मी.”

“मग हितं कशापायी आलात?”

हेडमास्तर बाबांच्या समोर खाली बसले.

“माझी मुलगी, चित्रा. नऊ वर्षांची आहे. मैत्रिणींशी, धाकट्या भावाशी घडाघडा बोलते. माझ्यासमोर आली की अडखळते. गेल्या महिन्यापासून तर बोलतच नाही. नुसती मान हलवते. डॉक्टर म्हणाले, तिला काही झालेलं नाही. तुम्ही शांत व्हा.”

“झालात?”

“प्रयत्न करतोय. ओरडणं सोडलं. आता नुसतं बघतो तिच्याकडे.”

बाबांनी पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

“ओढ्याच्या वरल्या अंगाला मोठा उंबर हाय. त्याच्याखाली बसा. सांजच्याला या.”

संध्याकाळी हेडमास्तर परतले, ते चेहरा उजळून.

“बाबा, जन्मात अशी शांतता अनुभवली नव्हती! दिवसभर एक पाखरू बोललं नाही. सगळं रान जसं काही माझ्याबरोबर ध्यानाला बसलं होतं.”

अंगणातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बाबांच्या सुनेला हसू आवरेना. तिनं तोंडाला पदर लावला.

“मामा, मास्तरांनी रानाचीबी शाळा केली!”

हेडमास्तरांचे कान लाल झाले. “यात हसण्यासारखं काय आहे?”

बाबा हसले नाहीत.

“उद्या माझ्यासंगं चला. पर मागं, लांब थांबा.”

सकाळी बाबा पुढे गेले. हेडमास्तर वीस-पंचवीस पावलांवर एका खडकाला टेकून उभे राहिले.

त्या वाडीची एक रीत आहे. मध काढायचा असो की हिरडा झोडायचा असो, रानात शिरलं की कामाला लगेच हात लावायचा नाही. कोयता जमिनीवर ठेवायचा आणि बसायचं. आपण आलो म्हणून रान गप्प होतं. ते पुन्हा बोलायला लागेपर्यंत उठायचं नाही.

हेडमास्तरांना ही रीत कोणी सांगितली नव्हती.

बाबांनी कोयता ठेवला आणि ते उंबराखाली बसले. ते काहीच करत नव्हते. बघतही नव्हते, डोळे मिटूनही घेत नव्हते. दगड कसा बसलेला असतो, तसे बसले होते.

थोड्या वेळानं एक बुलबुल बोलला. मग दुसरा. मग सातभाईंचा थवा कलकलाट करत खाली उतरला आणि बाबांच्या पायांजवळ पाला उचकटू लागला. वर शेकरू फांदीवरून फांदीवर उड्या मारत होतं. अर्धवट खाल्लेलं एक उंबर त्यानं खाली टाकलं. ते बाबांच्या खांद्यावर आपटलं. बाबांनी ते झटकलंसुद्धा नाही.

हेडमास्तरांना राहवलं नाही. ते पुढे निघाले.

तिसऱ्या पावलाला सगळं थांबलं. सातभाई झुडपात शिरले. शेकरू खोडाच्या मागं गेलं.

कालचीच शांतता. पान हलेना.

बाबांनी मागे वळून पाहिलं नाही.

“ऐकू येती का?”

“हो...”

“काल ग्वाड लागली व्हती.”

हेडमास्तरांनी झुडपाकडे पाहिलं. अगदी हळू म्हणाले,

“भ्यालीत ती.”

“व्हय.”

“मी व्हरांड्यात आलो की वर्गावर्गांत असंच... मला वाटायचं, शिस्त. आणि घरी पहाटे पाच ते सहा...”



ते तिथंच बसले. पाठ ताठ केली नाही, मांडी घातली नाही. दमलेला माणूस बसतो तसे बसले. ऊन डोक्यावर आलं. हातावर मुंग्या चढल्या, उतरल्या.

खूप लांब एक तांबट पक्षी टुक टुक करायला लागला. मग जवळ काहीतरी सळसळलं. आणि मग सातभाई परत आले, आधी दोन, मग सगळे. एका किड्यावरून त्यांच्यात जुंपली. त्यातला एक तर ओरडत ओरडत हेडमास्तरांच्या बुटावरून उडी मारून गेला.

हेडमास्तरांनी बाबांना सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

उन्हं कलल्यावर दोघं वाडीकडे निघाले.

“बाबा, मी उद्याच जातो. चित्राला समोर बसवतो आणि सगळं नीट समजावून सांगतो.”

“नका.”

“मग घरी जाऊन करू तरी काय?”

लहानूबाबा वाटेत थांबले. कोयता या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला...

“पायरीवर बसा, मास्तर. आत पोरांची भांडणं सुरू झाली, की मग आत जा.”