घंटा आधी, गाडी सवडीने

करवंदबन नावाच्या जंगलात कचरा अजिबात नव्हता. म्हणजे तसा ठराव नगरपरिषदेने एकमताने मंजूर केला होता. त्यानंतरही जो दिसत होता, तो विरोधकांचा अपप्रचार होता.

घरोघरचा हा अपप्रचार उचलायला घंटागाडी होती. पण एका कंत्राटात दोन घरांचं समाधान होत नाही, म्हणून नगराध्यक्ष गवासाहेबांनी त्याची दोन कंत्राटं केली. घंटा त्यांच्या मेहुण्याला, गाडी उपाध्यक्ष तरसांच्या भाच्याला. घंटा रोज सकाळी सातला फिरे. गाडी सवडीने.

घंटा ऐकली की सगळे प्राणी ओला डबा, सुका डबा घेऊन दारात पळत. घंटा वाजत पुढे निघून जाई. भरला डबा परत घरात नेणं करवंदबनात अशुभ मानतात. त्यामुळे तो साळूकाकूच्या दारासमोरच्या खळग्यात रिता होई.

साळूकाकू म्हणजे सायाळ. तीन पिल्लं, एक बीळ. खळगा भरला, त्याचा ढीग झाला, आणि आता बिळाचं तोंड रोज थोडं थोडं बुजत होतं. पिल्लं खोकत होती. काकू वॉर्डाच्या नगरसेवकाकडे, वानरदादांकडे गेली.

"दादा, ढीग उचला हो. पोरांना बाहेर पडायला जागा उरली नाही."

"काकू, घंटा येते ना?"

"येते."

"वेळेवर?"

"वेळेवर येते, पण गाडी..."

"लिहून घ्या रे," दादा कार्यकर्त्यांना म्हणाले, "सेवा वेळेवर."

तरी काकू रोज येऊन बसू लागली, तेव्हा आढावा समिती नेमली गेली. समितीत मेहुणे आणि भाचे होते. या विषयातला अनुभव दुसऱ्या कुणाला नव्हता.

समिती पाहणीला आली. सोबत गवासाहेब, तरससाहेब, वानरदादा आणि फोटोग्राफर. काकू ढिगातून वाट काढत बाहेर आली, तर तिच्या डाव्या काट्यांत केळीची सालं आणि उजव्या काट्यांत प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या.

"वा!" मेहुणे गहिवरले. "ओलं-सुकं वर्गीकरण, तेही थेट अंगावर! याला म्हणतात लोकसहभाग!"

काकूला शाल घातली. ती काट्यांवर फाटली, पण फोटो आधी निघाला होता.

"शाल राहू द्या," काकू म्हणाली. "ढिगाचं काय? वास तरी घ्या जरा!"

वासातले तज्ज्ञ म्हणून तरससाहेबांनी हुंगलं. "छान आहे," ते म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

आता भाषण करायचं होतं, आणि आसपास दुसरं व्यासपीठ नव्हतं. गवासाहेब ढिगावर चढले. वरून त्यांना सगळं करवंदबन दिसलं.

"बंधूंनो आणि भगिनींनो! मागच्या राजवटीत तुम्हाला एक तरी टेकडी मिळाली होती का?"

"नाही!"

"मी दिली का नाही?"

"दिली!" प्राणी ओरडले. ती त्यांनीच डब्याडब्याने आणून दिली होती, पण उत्साहाच्या भरात हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"घंटा आली रे आली!" वानरदादांनी घोषणा दिली.

"स्वच्छता झाली!"

आठवड्याभरात टेकडीला रेलिंग लागलं, 'गवासाहेब सूर्यास्त पॉइंट' अशी कमान लागली आणि भेळेच्या गाड्या लागल्या. भेळेचे कागद तिथेच पडत असल्यामुळे टेकडीची उंचीही वाढत राहिली. अहवालात त्याची नोंद 'विकास' अशी झाली.

मग पायथ्याशी एक बीळ असल्याचं समितीच्या लक्षात आलं. त्यामुळे टेकडी पोखरली जात होती. काकूला अतिक्रमणाची नोटीस गेली.

"अहो, बीळ माझ्या आजेसासूचं! टेकडी कालपरवाची!"

"काकू, भावना समजतात," वानरदादा हळहळले. "पण टेकडी नकाशावर आहे. बीळ आहे का?"

बीळ नकाशावर नव्हतं.

आढाव्यात करवंदबनाच्या सेवेला पाचपैकी पाच तारे मिळाले. त्यानंतरच्या सोमवारी सातला घंटा वाजली आणि तिच्यामागोमाग, नगरपरिषदेच्या इतिहासात प्रथमच, गाडीही आली. ती साळूकाकूच्या दारात थांबली आणि तिने पिल्लांसकट सगळं सामान भरून घेतलं.

गाडी आतून कोरी करकरीत होती. एका खेपेत मावलं.