पाळण्यातला राक्षस

पाचखडीच्या जत्रेत दुसऱ्या दिवशी सांजेला भैरोबाच्या माळावर तंबू पडतो आणि त्यात दरवर्षी एकच सिनेमा लागतो. एवढा रद्दड सिनेमा तुम्ही उभ्या जन्मात पाहिला नसेल, पाव्हणं. राक्षसाच्या मनगटाला घड्याळ आहे! वर शेवटचं रीळ आधी लावतात, पहिलं शेवटी. आणि बसल्यावर प्रत्येकानं पुढच्याच्या खांद्यावर दोन्ही हात ठेवायचे, असा दंडक आहे. हसा, हसा. मी इथला गुरव, देवाची पूजा करणारा माणूस. आजानं जे सांगितलं तेच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

फार वर्षं झाली म्हणे. गावात वीजही आली नव्हती, सिनेमा तंबूवाल्यांच्या इंजिनावर चालायचा. वरच्या आळीची हरणाबाई खालच्या आळीत दिलेली. तिचा थोरला भाऊ केरबा, नवरा हिंदुराव. दोघेही आडदांड, आणि दोन्ही आळ्यांत जत्रेत देवाची काठी कुणी धरायची या मानावरून पिढीजात वाकडं. त्या साली जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हिंदुरावानं केरबाच्या हातची काठी हिसकली. केरबा शेणाच्या चिखलात तोंडावर पडला आणि सारं गाव त्याला हसलं. तेवढं हसू त्याच्या काळजात रुतून बसलं.

दुपारी हरणाबाई पोळ्यांचा डबा घेऊन माहेरी गेली, तर परसात केरबा दगडावर कोयता घासत बसलेला. त्यानं मान वर केली नाही. भावजयीनं तिला चुलीपाशी ओढलं आणि रडत सांगितलं, "आज तंबूत दाजींच्या मागं बसणार हायत. राक्षस मेला की शिट्ट्या पडतील, त्या कालव्यात..." आणि तिनं परसातल्या कोयत्याकडं बोट केलं.

आता बाईनं करावं काय? नवऱ्याला सांगावं, तर तो भावकी गोळा करून कुऱ्हाडी काढणार, मग भाऊ जातो. गप्प बसावं, तर कपाळ पांढरं होतं. इकडं आड, तिकडं विहीर. तिनं हिंदुरावाला पोट दुखतंय म्हणून घरी थांबवून पाहिलं. तो म्हणाला, "ओवा खा," आणि फेटा बांधून निघाला.

तंबूत मधोमध दोरी असायची, अलीकडं बाया, पलीकडं बाप्ये. हरणाबाई दोरीला चिकटून बसली. समोर हिंदुराव, त्याच्या पाठीमागं केरबा, मांडीवर घोंगडी, उजवा हात घोंगडीखाली. ती पडद्याकडं बघतच नव्हती.

पण देवाची करणी पाहा. तंबूवाले इस्माईलचाचा. त्यांच्या माणसांनी दुपारी महाप्रसादाला रिळांच्या डब्यांची झाकणं ताटल्या म्हणून घेतली होती. धुऊन परत लावताना पहिल्या रिळाचं झाकण शेवटच्या, सहाव्याला गेलं आणि सहाव्याचं पहिल्याला. दिवा मालवला आणि पहिल्या झटक्यालाच राक्षस मेला! कोण मेला, का मेला, कुणाला पत्ता नाही. शिट्टी नाही की टाळी नाही. केरबाचा हात घोंगडीतच राहिला.

दुसऱ्या रिळाला राक्षस जिता होऊन जेवायला बसला. लोक कुजबुजायला लागले. मग त्याची मिशी गळाली, ती त्यानं उलटी चिकटवली. हळूहळू तंबू खिदळायला लागला. दोनच माणसं हसत नव्हती. जिता आहे म्हणजे पुन्हा मरणार, हे केरबानं ओळखलं होतं, आणि हरणाबाईनंही. तिनं पदर गच्च धरला आणि नवस बोलली, "भैरोबा, ह्यो सिनेमा कसाबी असू दे, पण संपवू नगंस. दोघंबी पायानं घरला आलं, तर दर साली ह्योच सिनेमा गावाला दावीन."

पाचव्या रिळात लढाई लागली. ढोल वाजले, राक्षस धाडकन पडला आणि शिट्ट्या सुटल्या. केरबा गुडघ्यावर उठला. घोंगडी घसरली. हरणाबाई ताडकन उभी राहिली आणि भर तंबूत ओरडली, "दादा, खाली बस! मेला न्हाई त्यो, उठतोय बघ!"

आणि खरंच राक्षस उठला. त्याची शेपूट भुईवर पडली होती. ती त्यानं उचलून काखेत धरली आणि डरकाळी फोडली. तंबू हसून लोळला. केरबानं बहिणीकडं पाहिलं. तिला सगळं ठाऊक आहे, हे त्याला कळलं. तो बसला खरा, पण हात पुन्हा घोंगडीखाली गेला.

शेवटचं रीळ. आता वध होणारच. सगळे श्वास धरून बसले. हरणाबाईनं डोळे मिटले. आणि पडद्यावर काय आलं? सिनेमाचं नाव, मग पाळणा, आणि पाळण्यात तान्हा राक्षस, मोठ्याचीच मिशी लावलेला!

हिंदुराव हसता हसता मागं कोसळला, थेट केरबाच्या मांडीवर. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कुणाच्या मांडीवर आहोत ते त्याला दिसतही नव्हतं. "अरं धर मला, मेलो, मेलो!" एवढंच म्हणत होता. गळा केरबाच्या कोयत्याच्या टप्प्यात उघडा पडलेला. केरबा क्षणभर बघत राहिला. मग त्याच्याही पोटातून हसू उसळलं, सकाळपासून कोंडलेलं. त्यानं घोंगडीतला हात काढला, दोन्ही हातांनी दाजींचे खांदे धरले आणि हसता हसता हुंदके देऊन रडला.

हरणाबाईचा नवस ऐकून इस्माईलचाचांनी ती रिळं तिच्या ओटीत घातली, असं सांगतात. त्यानंतर दरवर्षी केरबा दाजींच्या मागंच बसायचा, दोन्ही हात त्यांच्या खांद्यावर. पुढं हिंदुराव म्हातारपणानं गेला. त्या साली केरबा रिकाम्या जागेमागं बसला आणि हात कुठं ठेवावेत, त्याला कळेना. तेव्हा हरणाबाई उठली, दोरी ओलांडून आली आणि नवऱ्याच्या जागेवर बसली.

आजही या तंबूत दोरी बांधत नाहीत. चला पाव्हणं, घंटा झाली. तुमच्या खांद्यावरची ती घोंगडी बाहेर लिंबाखाली ठेवा आणि हात वर दिसू द्या.